तळ्यात मासा किती? मोजायला बसणाऱ्यांसाठी

मे महिन्यात कुठल्याही मच्छीमार संस्थेच्या सचिवाला विचारा, "मासा कसाय यंदा?" तो हसून सांगेल, "लई निघतोय." त्याच तळ्यावर दोन वर्षांनी दिवाळीनंतर जा. जाळी काठावर तशीच गुंडाळून ठेवलेली, तरणी पोरं ऊसतोडीला गेलेली, आणि सचिव तळ्यात सोडलेल्या पिलांवर खापर फोडतो, "बीजच खराब आलं होतं."

मी पहिल्यांदा बीड जिल्ह्यातल्या एका लघु तलावावर वही घेऊन बसलो, तेव्हा माझ्या वहीतही हेच होतं: एप्रिलमध्ये दर जाळ्यामागे मासा वाढला, म्हणजे साठा चांगला. शेजारी जाळं शिवत बसलेल्या भोई मामांना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी सुई न थांबवता सांगितलं, "पाणी कमी झालं की मासा गोळा होतो बाबा, वाढत न्हाई." मराठवाड्यातल्या मत्स्यसाठ्याच्या मोजणीत नवखा माणूस सगळ्यात जास्त इथंच फसतो. म्हणून मासा मोजायच्या आधी पाणी मोजायचं.

हा लेख संस्थेच्या नव्या सचिवासाठी आहे, मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या पोरापोरींसाठी आहे, आणि आपल्या गावच्या तळ्याचं नेमकं काय चाललंय हे बघायची इच्छा असलेल्या कुणासाठीही. यंत्रसामग्री फारशी लागत नाही, पण एक वर्ष नेमानं जावं लागतं.

पहिलं काम: पाणी

प्रत्येक धरणाचा, तलावाचा पाणीपातळी, क्षेत्र आणि साठा यांचा तक्ता पाटबंधारे शाखेत असतो. अमुक पातळीला किती हेक्टर पाणी पसरतं ते त्यात कळतं. तो तक्ता मिळवा आणि दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेची पातळी वहीत टिपा. तक्ता मिळालाच नाही तर मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात काठ आखून अंदाज घ्या, किंवा काठाकाठानं चालत जा. गाळपेर, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात केलेली पेरणी, कुठपर्यंत आली हे पाहिलं तरी पाणी किती सरकलं ते समजतं. खोलीसाठी दोरीला मीटर-मीटरवर गाठी मारा, टोकाला दगड बांधा आणि तराफ्यावरून पंधरावीस ठिकाणी सोडून बघा. जुन्या नदीचा किंवा ओढ्याचा डोह नेमका कुठं आहे ते वहीत काढून ठेवा. उन्हाळ्यात सगळा मासा तिथंच जाऊन बसतो.

पेपरातल्या टक्केवारीवर विसंबू नका. 'साठा शून्य टक्के' म्हणजे उपयुक्त साठा शून्य, त्याखाली मृतसाठा उरतोच. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) आहे आणि त्यातला उपयुक्त २१७१. म्हणजे बातमीत शून्य असताना नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, तळाशी सातशेहून जास्त दलघमी पाणी असू शकतं. सिंचनाच्या हिशेबात ते पाणी मेलेलं असेल, पण पुढच्या वर्षीचा मासा त्याच पाण्यात जिवंत असतो.

आकारमानावरून कामाची पद्धतही ठरते. आपल्याकडे १००० हेक्टरपर्यंतचा जलाशय लहान, १००० ते ५००० मध्यम आणि त्यावरचा मोठा असं वर्गीकरण आहे. भरल्यावर साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरणाऱ्या नाथसागरात एकट्यानं खुणा करून मासे मोजायला निघणं म्हणजे समुद्र वाटीनं उपसणं. तिथं मासा जिथं काठाला येतो अशी चारपाच ठिकाणं धरून नुसती नोंद ठेवली तरी भरपूर झालं. त्यातून ते पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वन विभागालाही विचारावं लागतं. पुढं सांगितलेल्या सगळ्या पद्धती नीट वापरायच्या असतील तर पन्नास-शंभर हेक्टरचा तलाव निवडा.

परवानगी आणि माणसं

जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना पत्र द्या आणि ज्या संस्थेकडे ठेका आहे तिचा होकार घ्या. कागद महत्त्वाचा आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे काठावरच्या माणसांना तुम्ही कशासाठी आलात ते पटलं पाहिजे. 'ठेक्याची रक्कम वाढवायला आलेला माणूस' असा शिक्का एकदा बसला, की कुणी खरं वजन सांगत नाही. पहिले दोन आठवडे वही पिशवीतच ठेवा. चहा प्या, जाळी उकलायला मदत करा. मासे विकणाऱ्या बायकांशीही बोला. कोणता मासा किती मोठा येतोय हे त्या भावावरून नेमकं सांगतात, कारण लहान मासा पदरात पडला की तोटा त्यांचा. व्यापाऱ्याच्या काट्यावरच्या जुन्या चिठ्ठ्या मिळाल्या तर सोनंच समजा, चारपाच वर्षांचा इतिहास त्यात आयता असतो.

साहित्य म्हणाल तर सेंटिमीटरच्या खुणा केलेली फळी, जिच्या एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली असेल. शिवाय एक काटा, एक कात्री, माशाचं पोट उघडायला धारदार चाकू आणि वही.

काठावरची नोंद

महिन्यातून चार दिवस ठरवा. त्यातला एक आठवडी बाजाराच्या आदल्या रात्रीनंतरचा असू द्या, बाकीचे साधे. फक्त बाजाराच्या दिवशी गेलात तर मासा नेहमीच भरपूर दिसेल, कारण आदल्या रात्री सगळेच पाण्यात असतात.

पहाटे तराफे काठाला लागले की प्रत्येकाची नोंद घ्या: जाळं किती मीटर, आस (जाळ्याचं भोक) केवढा, किती वाजता टाकलं, किती वाजता ओढलं, आणि जातवार किती किलो. मासा शून्य आला तरी ती ओळ लिहायचीच. रिकाम्या हातानं आलेला माणूस नोंदीतून सुटला की सरासरी फुगते. नवखे हे हमखास विसरतात, मीही विसरलो होतो.

आता हिशेब. एकूण मासा भागिले एकूण जाळ्याचे मीटर, गुणिले शंभर, म्हणजे 'शंभर मीटर जाळ्यामागे एका रात्रीत किती किलो'. समजा ऑक्टोबरमध्ये हा आकडा ३ किलो आला आणि पाणी १०० हेक्टर होतं. एप्रिलमध्ये आकडा ७.५ किलो आला, पण पाणी उरलं २५ हेक्टर. नुसतं जाळं पाहिलं तर मासा अडीचपट झाला. पाण्यानं गुणा: ऑक्टोबरला ३ गुणिले १००, म्हणजे ३००. एप्रिलला ७.५ गुणिले २५, म्हणजे सुमारे १८८. साठा तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरलाय. मामा जे एका वाक्यात बोलले ते गणितात मांडायला मला दीड वर्ष लागलं.

हा गुणाकार ढोबळ आहे, तो खरे किलो सांगत नाही, नुसती चढउतार दाखवतो. शिवाय जाळ्यात मासा अडकणं बाकी गोष्टींवरही असतं. थंडीत मासा हलत नाही, चांदण्या रात्री त्याला जाळं दिसतं, पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात उलट जास्त अडकतो. म्हणून ऑक्टोबरची तुलना शेवटी पुढच्या ऑक्टोबरशीच करायची.

याच नोंदीतून महिन्याचं उत्पादनही निघतं. तराफ्यामागे सरासरी ६ किलो, रोज १४ तराफे, महिन्यात २२ दिवस मासेमारी, तर १८४८ किलो. संस्थेच्या रजिस्टरमधला आकडा याच्या जवळपास यावा. निम्मा आला तर मासा काट्यावर न जाता कुठंतरी वाटेत उतरतोय. ते प्रकरण वेगळं, त्यात पडू नका, फक्त तुमचा आकडा धरून चला.

आपलं जाळं, वेगवेगळ्या आसाचं

धंद्याची जाळी ठरावीक आसाची असतात. मोठ्या आसातून लहान मासा निसटतो, लहान आसात मोठा मासा शिरतच नाही. त्यामुळं नुसत्या धंद्याच्या जाळ्यावरून 'तळ्यात लहान मासा नाही' म्हणणं चुकीचं आहे. तीनचार आसांचे तुकडे एकाला एक जोडून आपलं चाचणीचं जाळं करा, लहानात लहान ते मोठ्यात मोठ्यापर्यंत, प्रत्येक तुकडा सारख्याच लांबीचा. संध्याकाळी टाका, सकाळी ओढा, दर वेळी त्याच तीन ठिकाणी: भिंतीजवळचं खोल पाणी, जुना डोह, आणि वरच्या अंगाची उथळ शेपटी. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. म्हणून काही जाळी तरंगती हवीत, काही तळाला बसलेली. जाळं एकाच थरात टाकून तीन जातींची तुलना करू नका.

माशाची लांबी

मला विचाराल तर सगळ्या कामात जास्तीत जास्त सांगून जाणारी गोष्ट हीच. वजनाचा काटा खोटा असू शकतो, माणूस आकडा फुगवू शकतो, पण दोनशे रोहूंच्या लांब्या खोटं बोलत नाहीत.

मासा फळीवर आडवा ठेवा, तोंड मिटवून पट्टीला टेकवा, शेपटीच्या लांब टोकापर्यंत मोजा. ३४.८ आलं तर ३४ लिहा, नेहमी खालचा पूर्ण सेंटिमीटर. जातीमागे महिन्याला निदान शंभर मासे हवेत. ते निवडून घेऊ नका, टोपलीत हाताला येईल तो घ्या. हात नकळत देखण्या माशाकडं जातो, म्हणून मी एक अख्खी टोपलीच मोजतो.

मग तक्ता मांडा: १० ते १४ सेंटिमीटर किती, १५ ते १९ किती, असं वर. प्रत्येक माशामागं एक रेघ काढलीत तरी चित्र उभं राहतं. रेघांचे एक, दोन, तीन उंचवटे दिसतील. एकेक उंचवटा म्हणजे साधारण एकेका वर्षाचं बीज. महिन्यामागून महिने तो उंचवटा उजवीकडं सरकतो, म्हणजे मासा वाढतोय. जागचा हलत नसेल तर खाणं कमी पडतंय किंवा गर्दी जास्त झालीय.

एकच उंचवटा असेल तर सगळं तळं एका वर्षाच्या बीजावर चाललंय, ते बीज संपलं की धंदा बसला. मधलाच उंचवटा गायब असेल तर मागच्या नोंदी चाळा. त्या वर्षी बहुधा बीज सोडलं नव्हतं, किंवा तळं आटलं होतं. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडं पडून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षानंतर जुने सगळे आकडे मिटवून मोजणी पहिल्यापासून सुरू करावी लागते. पण मधला उंचवटा गायब आहे असं म्हणण्याआधी त्या लांबीचा मासा धरणारा आस तुमच्या जाळ्यात होता का, ते तपासा.

जातीप्रमाणं तक्ता वाचण्याची रीत बदलते. कटला, रोहू, मृगळ हे वाहत्या पाण्याचे मासे, साठलेल्या तळ्यात ते अंडी देत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशातल्या अंगुल इथं इंजेक्शन देऊन या जातींचं प्रजनन घडवलं, म्हणून तर आज मत्स्यबीज केंद्रात बीज मिळतं. तेव्हा बोटभर रोहू दिसले आणि तुम्ही बीज सोडलेलं नाही, तर ते पुराबरोबर वरच्या नदीतून आलेत. गोदावरी-पूर्णेवरच्या मोठ्या जलाशयांत हे घडू शकतं, माथ्यावरच्या पाझर तलावात नाही. सायप्रिनस (कॉमन कार्प) मात्र उथळ पाण्यातल्या वनस्पतींना अंडी चिकटवतो, तळ्यातच वाढतो. आणि तिलापिया, कोणी चिलापी म्हणतं, तो तर वर्षात कितीदा तरी वितो आणि पिलं तोंडात सांभाळतो. वीतभर लांबीच्याही आत पोटात अंडी सापडायला लागली आणि मोठा तिलापिया दिसेनासा झाला, तर गर्दीनं मासा खुजा झालाय.

पोट उघडून बघायची सवय लावाच. दर जातीचे महिन्याला दहाबारा मासे पुरेत, विकत घ्यावे लागले तरी घ्या. किती लांबीच्या मादीत अंडी दिसू लागतात ते तुमच्या तळ्यापुरतं कळलं, की कोणता आस चालू द्यायचा हे भांडण निम्मं मिटतं.

मासा खाऊनपिऊन आहे का तेही बघता येतं. ग्रॅममधलं वजन गुणिले शंभर, भागिले लांबीचा घन. ४० सेंटिमीटरचा रोहू ८०० ग्रॅम भरला तर १.२५. तोच ६५० ग्रॅम भरला तर १.०२, म्हणजे उपाशी. पुस्तकातल्या आकड्याशी तुलना नको, आपल्याच तळ्याच्या मागच्या महिन्याशी करा.

खूण करून मोजणे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पीटरसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञानं माशांना खुणा लावून हे तंत्र वापरलं. कल्पना साधी आहे. थोडे मासे धरा, खूण करून सोडा, काही दिवसांनी पुन्हा धरा, त्यात खुणेचे किती ते बघा.

समजा २०० रोहूंचा पोटाखालचा डावा पर कात्रीनं थोडा कापून सोडले. पंधरा दिवसांनी १५० रोहू धरले, त्यात १२ खुणेचे निघाले. प्रत्येक आकड्यात एक मिळवा: २०१ गुणिले १५१ भागिले १३, आणि उत्तरातून एक वजा. साधारण २३३०. पण बारा हा आकडा लहान आहे, नशिबानं सात निघाले असते किंवा अठरा. म्हणून अहवालात '२३३०' असं ठोकून न देता 'चौदाशे ते बेचाळीसशेच्या दरम्यान' लिहा. कमी लेखलं तर कुणाचं नुकसान नाही.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करा, सकाळी लवकर. एप्रिलच्या उन्हात हाताळलेला मासा रात्रीतून मरतो आणि खुणाच तळाला जातात. पावसाळ्यात सांडव्यावरून मासा जातो, नदीतून नवा येतो, मग गणितच मोडतं. खूण केलेला मासा रात्रभर हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पेटीत, ठेवा, सकाळी तरतरीत असेल तोच सोडा आणि तोच मोजा.

एक प्रसंग सांगतो. एका तळ्यावर आम्ही खुणा करून सोडल्या आणि गावात सांगितलं, खुणेचा मासा दिसला की दाखवा. पोरं इतकी उत्साही की खुणेचा प्रत्येक मासा धावत घेऊन यायची. बिनखुणेचे मात्र परस्पर बाजारात. कागदावर निघालेला साठा इतका कमी होता की पुढच्या महिन्याभरात संस्थेनं त्यापेक्षा जास्त मासा विकला! चूक पोरांची नव्हती, सांगणाऱ्याची होती. खुणेचे आणि बिनखुणेचे, दोन्ही एकाच माणसानं, एकाच ढिगातून मोजायचे.

तळं आटत आलं असेल तर आणखी सोपा मार्ग आहे. रोज तेवढीच जाळी, तेवढाच वेळ. पहिल्या दिवशी ६० किलो, दुसऱ्या दिवशी ४८, तिसऱ्या दिवशी ३८ आले, तर रोज पाचवा हिस्सा कमी होतोय. म्हणजे रोज तळ्यातल्या माशाचा पाचवा हिस्सा निघतोय, सुरुवातीला सुमारे ३०० किलो होता, आणि तीन दिवसांनी निम्माच उरलाय. इथं थांबायचं की नाही हे संस्थेनं ठरवायचं, पण आकडा समोर ठेवून.

बीजाचा हिशेब

लहान तलावांत साठा म्हणजे मुख्यतः सोडलेलं बीज. म्हणून बीज आलं त्या दिवशी काठावर हजर राहा. एका पिशवीतलं बीज एक एक करून मोजा, मग बाकी पिशव्यांवरून अंदाज करा. एका ठिकाणी कागदावरची संख्या आणि पिशवीतली संख्या यांत इतकं अंतर होतं, की नंतर तीन वर्षं 'मासा कुठं जातो' यावर डोकं खाजवायची गरजच नव्हती. आकारही मोजा. मत्स्यजिरे, म्हणजे अगदी बारीक पिलं, सोडलं तर ते शिवडा, मरळ अशा शिकारी माशांच्या आणि पाणकावळ्यांच्या पोटात जातं. दहा सेंटिमीटरच्या वरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, महाग पडते, पण जगते. पुढच्या दोन वर्षांत काढलेले नग भागिले सोडलेले नग, हा एकच भागाकार दर वर्षी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आकडे हातात आल्यावर

वर्षभराच्या नोंदी झाल्या की समाजमंदिरात किंवा पारावर बैठक घ्या. संगणकातली चित्रं नकोत, फळ्यावर खडूनं रेघा काढा, रोहूच्या उंचवट्याकडं बोट दाखवा. लोक लगेच वाद घालायला लागतील, त्यातच अर्धं काम होतं. ठरवायच्या गोष्टी मोजक्या असतात. अंडी धरण्याआधीचा मासा सुटेल एवढा किमान आस. उन्हाळ्यात डोहाचा कोणता भाग जाळ्याविना सोडायचा. पुढचं बीज कोणत्या जातीचं, किती. तिलापिया माजला असेल तर उथळ भागात, ठरावीक दिवसांपुरतं लहान आसाचं जाळं चालू द्यायला हरकत नाही, एरवी नाही. विष आणि सुरुंगाला तर १८९७ च्या कायद्यापासूनच बंदी आहे. त्यावर चर्चा नको, दिसलं की कळवायचं.

कुठं अडलात तर उदगीरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात जा. तिथल्या विद्यार्थ्यांना अशा नोंदी हव्याच असतात, आणि हिशेबाला चार हात मिळतात.

आणि वही पेन्सिलीनं लिहा. पेनाची शाई माशाच्या ओल्या हाताला टिकत नाही. माझा पहिला अख्खा जून निळ्या डागांत गेला.